ग्रेस मॅडमकडच्या वृद्धाश्रमाच्या केसेस

वसईत ग्रेस मॅडमच्या ऑफिसात मी अकरा वर्षं ज्युनिअर वकील आहे. वृद्धाश्रमात हलगर्जीपणामुळे कुणाचं माणूस गेलं, की घरचे आमच्याकडे येतात. आल्या आल्या म्हणतात, "आता करून काय होणार?" मग दोन तास बोलतात. त्यातून किस्से साठले नसते तरच नवल!

*

फुलपाड्याचे एक बँकवाले. आई होमच्या, म्हणजे वृद्धाश्रमाच्या, बाथरूममध्ये पडली, बेल वाजवत राहिली. बेल तीन आठवडे बंद होती.

"मॅडम, 'काहीही झाल्यास संस्था जबाबदार नाही' यावर मीच सही केलीय हो!"

"अशा सहीनं हलगर्जीपणा माफ होत नाही. पण वाचलं नव्हतंत?"

"आईनं वाचलं होतं. मराठीची टीचर. म्हणाली, दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलंय, बाकी ठीक."

ग्राहक आयोगात तक्रार केली. होमनं पुरावा म्हणून मूळ फॉर्म दाखल केला. दोन्ही चुका लाल पेननं दुरुस्त केलेल्या होत्या.

*

अर्नाळ्याची एक मासळीवाली. बापाला सहा दिवस ताप, होमनं डॉक्टर बोलावलाच नाही. गुन्हा नोंदवायला आम्ही तिच्याबरोबर पोलीस स्टेशनला गेलो.

हवालदार म्हणाले, "बाई, चौऱ्याऐंशी वय. माणूस जायचाच."

"होडी जुनी झाली म्हनून कुनी तिला भोक पाडतं का?"

हवालदार कागद ओढून लिहायला लागले. मध्येच मान वर करून मॅडमना विचारलं, "होडीचं पण घेऊ का जबाबात?"

"घ्या," मॅडम म्हणाल्या.

*

एक आजोबा पाठीच्या जखमा चिघळून गेले. होमच्या चार्टवर मात्र महिनाभर, दर दोन तासांनी, 'कूस बदलली' आणि एकाच सिस्टरची सही. दिवसरात्र!

आयोगातल्या साहेबांनी मॅनेजरला विचारलं, "या सिस्टर झोपत कधी?"

मॅनेजर साधा माणूस. म्हणाला, "झोपत असतील साहेब. त्या महिन्यात त्या गावी होत्या."

होमचे वकील हळूच खाली बसले.

*

वसईतल्याच होळी गावचे बावतीस अंकल. भाजीची वाडी, गुडघे गेलेले. बायकोला, मोनिका आंटीला, अर्धांगवायू झाला. अंकलना तिला उचलणं जमेना, म्हणून होममध्ये ठेवलं. डॉक्टरांची चिठ्ठी दिली: कोरडं काही देऊ नये. शिवाय स्वतः सांगितलं, "पाव चहात भिजवूनच द्या हां."

एका सकाळी कुणीतरी घाईत कोरडा पाव दिला. घास अडकला.

केस चार वर्षं चालली. अंकल प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून हजर. शेवटी जिंकलो. भरपाईबरोबर आयोगानं आदेश दिला: प्रत्येकाचं पथ्य पलंगाजवळ लावायचं आणि तसंच जेवण द्यायचं. आदेश पाळतात का, हे बघायला अंकल दर रविवारी चर्चमधला मिस्सा झाल्यावर रिक्षा करून होममध्ये जायचे.

वर्षभरानं ऑफिसात आले. "मॅडम, आता एकट्यानं होत नाही. होममध्ये राहायला चाललो."

"कुठल्या?"

अंकलनी नाव सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवला.

"अंकल, तिथेच?"

"मग कुठं जाऊ?" अंकल म्हणाले. "अख्ख्या वसईत पाव भिजवून देणारं तेवढं एकच आहे."