फटका मावशीची राहिलेली गोष्ट

फटका मावशी गोष्ट सांगायला बसली की शहाण्यानं तिच्या हाताच्या टप्प्यात बसू नये. गोष्टीत कुणाला मार बसला की तो ऐकणाऱ्याच्या पाठीत बसायचा. रानडुकरानं शिकाऱ्याला धडक दिली की आपण आडवे. फौजदारानं कानफटात दिली की आपला कान लाल. मी तोफखान्यात सतरा वर्षं काढली, पण माझ्या पाठीला खरी शिस्त लावली ती या पारधी म्हातारीनं. कुरकुर केली की म्हणायची, "लागलं न्हवं? मंग कळली गोष्ट. न लागता ऐकायची आसंल तर रेडिओ लाव जा."

दुसरा जाच हुंकाऱ्याचा. सुरुवात करण्याआधी ती एकाला नेमायची आणि त्यानं प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणायचं. पहिला 'हं' दिला की गोष्ट संपेपर्यंत उठायची सोय नाही. मध्येच उठणं म्हणजे सांगणाऱ्याचा अपमान, आणि ही बाई काही अपमान गिळणारी नव्हे. एकदा ग्रामसेवक मोबाइल वाजला म्हणून उठले, तर हिनं त्यांची चप्पल उचलून थेट शेजारच्या उसात भिरकावली. बिचारे एका पायानं लंगडत ऑफिसात गेले. मला इतकं हसू आलं की माझ्याही पाठीत एक बसला.

फौजेतून परत आल्यावर मी गावात जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत संग्रहालय मांडलं. कराड आणि उंब्रजच्या मध्ये आमचं गाव. मावशीनं नवऱ्याचे तित्तर धरायचे फासे आणून दिले, घोड्याच्या केसांचे, अजून चिवट. मी हौसेनं पाटी लिहिली, 'विहिरीत पडून निधन पावलेल्या शिकाऱ्याचे फासे'. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवली. असला रट्टा बसला म्हणता, खडू हातातून उडाला.

"पडून? कुनी सांगितलं तुला पडून?"

"मावशी, अख्खं गाव तेच सांगतंय की. मी लहानपणापासून तेच ऐकलंय."

"गाव चाळीस वर्सं खोटं बोलतंय. खरं सांगीन मी, पन त्या गोष्टीला हुंकारा माज्या मनाजोगता पायजे. तवर पाटी कोरी ठेव."

कोरी ठेवली. माझी काय टाप होती न ठेवायची!

गेल्या वर्षी संग्रहालयाच्या अंगणात संध्याकाळचा कार्यक्रम ठेवला. धनगरांनी गजी नाच धरला, ढोलांनी खिडक्या थरथरल्या. मग कराडच्या कॉलेजातल्या एका पोरीनं मावशीच्या फाशांवर केलेला छोटा चित्रपट पांढऱ्या चादरीवर दाखवला. पडद्यावर स्वतःला बघून मावशी ओरडली, "आगं बया, किती म्हातारी झाले मी!" सगळं अंगण हसलं. शेवटी तिची गोष्ट. पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत माझे सख्खे चुलते, आबा, बसले होते. ऐंशीच्या घरातले, खांद्यावर मीच घातलेली शाल.

मावशी त्यांच्यासमोर जाऊन बसली. "आबा, आज तुमी द्या हुंकारा."

आबांना मान वाटला. मिशीत हसून त्यांनी मोठ्यानं 'हं' दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"एक पारधी हुता. माजा नवरा हुता."

"हं." हा जरा बारीक आला.

"तुज्या घरातली बोरमाळ गेली. चोर कोन? पारधी. पारध्याबिगर कोन आसनार?" आवाज चढला आणि 'तुमी'चं 'तू' झालं. "चिंचंला बांधला त्याला. वल्या कासऱ्यानं मारला. आसा!" तिचा हात आबांच्या गुडघ्यावर पडला. "आसा! आसा! त्यो पानी मागत हुता. तोंडात माती कोंबली. पोटात लाथा घातल्या. कुनी रं?"

आबांची पोरं, माझे चुलतभाऊ, खुर्च्या ढकलून धावले, एकानं मावशीचा दंड धरला. तेवढ्यात आबा ओरडले, "सोड तिला. बसा खाली. गोष्ट संपल्याली न्हाई."

"बोरमाळ घावली का रं मागनं?"

"हं."

"कुटं?"

"आमच्याच कनगीत, जोंधळ्याखाली." आबा रडत होते.

"आन त्यो इहिरीत पडला व्हय?"

आबांनी मान हलवली. "आमी टाकला. तवा जित्ता हुता."

मावशीनं उठून आबांच्या तोंडात भडकावली. शाल मातीत पडली. "आता संपली," ती म्हणाली आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर संग्रहालयातलं एक कपाट शाबूत नव्हतं. सगळ्या काचा फोडलेल्या, धनगरांनी रात्री ठेवून गेलेले ढोल फाडलेले. कुणाचं काम ते मला ठाऊक होतं. लोखंडी सळई घेऊन निघालोही होतो चुलतभावांच्या दारात. मावशीनं वाटेत गाठून सळई हिसकावली आणि माझ्याच पोटरीवर हाणली. "काच फुटली हाय येड्या, मानूस न्हाई. झाडू घे." दोघांनी दुपारपर्यंत काचा गोळा केल्या. मग तिनं सांगितली तशी पाटी मी लिहिली, 'याला गावानं जिवंत विहिरीत टाकलं'. भाऊबंदकीत माझं पाणी बंद झालं, ते अजून बंद आहे.

आबा नंतर दोनदा तिच्या पालावर गेले, हात जोडून उभे राहिले. लोक तिला म्हणाले, म्हातारा झालाय, सोड आता. ती म्हणाली, "त्यानं खरं सांगितलं, ते त्यानं द्यायचंच हुतं. माफी माजी हाय. मी देनार न्हाई." मला हे फार कठोर वाटलं. तसं बोललोही. तिनं मारलं नाही, नुसती बघत राहिली, आणि मला माझीच लाज वाटली.

या श्रावणात ती गेली. जायच्या आधी मला बोलावून एवढंच म्हणाली, "माज्या मातीला त्यो नगं."

आबा आले. काठी टेकत, अनवाणी, मुठीत माती घेऊन. पालाच्या वाटेवर मी आडवा उभा राहिलो. "पोरा, तुज्या बापाचा भाऊ हाय मी," ते म्हणाले. मी त्यांची मूठ उघडली, माती खाली सांडली, आणि त्यांना माघारी धाडलं.