सुतकातली पंगत

तांदळाची भाकरी तव्यावर फुगताना जो ओलसर, दुधाळ वास सुटतो, तो मला आजही त्या दुपारी नेऊन सोडतो. आई जाऊन तीन दिवस झाले होते. भांडुपच्या आमच्या घरात रीतीप्रमाणे गॅस पेटत नव्हता. पण मजल्यावरच्या दारादारांतून डबे येत होते, आणि झाकण उघडताच हिंगाची, खोबऱ्याची ऊब खोलीत पसरत होती. बाबा मात्र पाण्यापलीकडे काही घेत नव्हते. बोलतही नव्हते. आई ज्या भिंतीला टेकून भाजी निवडायची, त्या भिंतीकडे पाहत बसत. सकाळी डॉक्टर त्यांची साखर तपासून म्हणाले होते, "दुपारी जेवले नाहीत, तर संध्याकाळी दाखल करावं लागेल."

त्या दुपारी तांदळाच्या भाकऱ्या आणि आमटी आणली पलीकडच्या आंटीने. ती इथल्या जुन्या गावठाणातली, ख्रिस्ती. बाबांनी ताट हलकेच बाजूला सारलं, ते तिने पाहिलं.

"एकट्याच्या पुढ्यात ताट ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत बसलीस, तर जेवेल काय गं तो? थांब जरा."

तिच्या चपला गॅलरीत एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत फटफटत गेल्या. थोड्या वेळाने ती परतली, तेव्हा तिच्या हातात स्वतःचं वाढलेलं ताट होतं. मागोमाग समोरचे निवृत्त बसकंडक्टर आले, तेही ताट घेऊन. आणखी दोघीतिघी आल्या. "आत सरका, आत सरका," म्हणत कंडक्टरकाकांनी जन्माच्या सवयीने सगळ्यांना दाटीवाटीने बसवलं.

शेवटी दारात शेजारच्या मालवणी काकी उभ्या राहिल्या. सुतकाच्या घरी त्या पाण्याचा घोटही घेत नसत. कालचा डबा त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच दिला होता. त्यांच्या हातातलं ताट पाहून मी चाचरत म्हटलं, "काकी, सुतक आहे आमच्याकडे."

"ठावक आसा. बाजूक सर."

त्या बाबांसमोर मांडी घालून बसल्या. "भावजी, माका एकटीक जेवण घशाखाली जाणा नाय," एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी पहिला घास तोंडात घातला.

आयुष्यभर जपलेला नियम त्या घासाबरोबर गिळला गेला, आणि खोलीत कुणी त्याचा उच्चारही केला नाही. पाण्याचा तांब्या धरून मी भिंतीशी उभी होते. इतकं मोठं काही इतक्या साधेपणाने घडू शकतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

बाबांना कुणीही जेवा म्हणालं नाही.

"आंटी, आमटीत मीठ घातलंस की विसरलीस?" कंडक्टरकाका म्हणाले.

"तुझ्या जिभेला चव उरलीय काय, ते आधी बघ."

कुणीतरी हसलं. त्या घरातलं तीन दिवसांतलं ते पहिलं हसू. गिरणीत असताना दुपारच्या सुट्टीत बाबा असेच गोल करून जेवत. डबे एकमेकांचे, थट्टाही एकमेकांची. त्या आवाजांत त्यांना काय ऐकू आलं, कोण जाणे. त्यांनी ताट जवळ ओढलं. भाकरीचा पापुद्रा बोटांखाली हलकेच फाटला. एक घास. बऱ्याच वेळाने दुसरा. कुणीच मान वर करून पाहिलं नाही. सगळे खाली बघून, अगदी मन लावून जेवत राहिले.

मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आईच्या भिंतीजवळची जागा हाताने थोपटली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शब्द निघाला.

"जेव."