प्रेमाकाकूंचं गाळणं

कारंज्यात आमच्या शेजारी देवेंद्रकाका राहतात. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे, पण जीव सगळा माशांत. तेही साधेसुधे नाहीत, समुद्रातले क्लाउनफिश, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले. समुद्र इथून कुठच्या कुठे. काका मीठ मागवतात, पाण्यात कालवतात आणि बैठकीतल्या काचेच्या टाकीत स्वतःचा समुद्र करतात. याला मी येड लागणं म्हणते, आणि त्यांच्या तोंडावर म्हणते.

टाकीतली जोडी अंडी घालायची. नर आपल्या परांनी अंड्यांना वारा घालत बसायचा. पिल्लं निघाली की काका ती वेगळ्या टबात घ्यायचे, आणि तिथं ती उपाशी मरायची. एवढी बारीक पिल्लं फक्त हलणारं, जिवंत अन्न खातात. काका टाकायचे शेवाळाची पूड, कारण टाकी घरात आली तेव्हाच प्रेमाकाकूंनी बजावलं होतं, "आपल्या घरात जीवाले जीव चारायचा नाही." घर जैन; काकू आजही विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळतात आणि कापडात अडकलेले सूक्ष्म जीव परत विहिरीतच सोडतात. जिथले जीव तिथं, हा त्यांचा नेम.

पिल्लं गेली की काका ताटावरून अर्धपोटी उठायचे. मला त्यांची दया यायची आणि रागही.

यंदा त्यांनी चोरी केली. डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाण्यातले जीव पार्सलनं मागवले आणि गच्चीवर हिरव्या, खाऱ्या पाण्याच्या बादलीत वाढवले. मला सांगितलं, काकूंना नाही. पिल्लंही निघाली. पण आता ते जीव पिल्लांना घालायला काकांचाच हात धजेना. बादलीपर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे.

अखेर बादली काकूंनीच पाहिली. काठावर मिठाचा थर, आत वळवळ, वर कडक ऊन. "अवो, हे जीव उन्हात कायले मारून राह्यले?" म्हणत त्यांनी कापड आणलं, बादली गाळली आणि खारं पाणी शोधत खाली आल्या. टाकीतले मोठे मासे यांना खातील; टबातली पिल्लं स्वतःच एवढीशी, ती काय खाणार? असा विचार करून काकूंनी कापड टबात उलटं केलं. काकांनी त्यांना अडवलं नाही, मीही नाही.

पिल्लं जगली. त्यांची गोल पोटं बघत काकू कौतुकानं टबापाशी बसल्या, आणि मध्येच म्हणाल्या, "मी सोडलेले जीव कुठी गेले?"

"पिल्लायनं खाल्ले," काका म्हणाले. "मी त्याच्यासाठीच वाढवले होते. तुह्यापासून लपवलं."

काकू उठून आत गेल्या.

दुसऱ्या सकाळी काका टबापाशी मान खाली घालून बसले होते. काकू गच्चीवरची बादली पुन्हा गाळून आल्या, हातात ओलं कापड. त्या कापडातल्या जिवांची त्यांनी हात जोडून क्षमा मागितली आणि कापड टबात उलटं केलं.

"उपाशी मारलं तरी पाप, चारलं तरी पाप," त्या म्हणाल्या. "मंग पोट तरी भरू द्या. तुमी नका करू, तुमच्यानं होत नाही."

त्या दिवसापासून काकू प्रायश्चित्त म्हणून एकच वेळ जेवू लागल्या. काकांनीही न बोलता तेच धरलं. दोघं रोज वाळत होते आणि टबातली पिल्लं वाढत होती. मला बघवत नव्हतं.

मग एका दुपारी एका पिल्लानं काकांनी टाकून पाहिलेली शेवाळाची पूड टिपली. मग दुसऱ्यानं. काकू बराच वेळ बघत राहिल्या, आणि सूर्य मावळायच्या आत त्यांनी संध्याकाळच्या जेवणाची दोन ताटं वाढली.