मी गाडीचा आवाज बंद केला

माझ्या घरचे लोक माझं कौतुक फक्त माझ्या गाडीत बसल्यावर करतात, अशी दोन वर्षं माझी ठाम समजूत होती.

गाडी मी स्वतः बनवलेली. आणीबाणी नुकतीच उठली होती. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला असल्यामुळे आपण काहीही बनवू शकतो, असं मला वाटायचं (लग्न होऊनही वाटायचं, यावरून काय ते ओळखा!). रद्दीतल्या एका विलायती मासिकात जुन्या शर्यतीच्या गाडीचा फोटो सापडला. लांब नाक, गोल दिवे, लालभडक रंग. हुबेहूब तशीच करायची म्हणून भंगारातून एका म्हाताऱ्या मोटारीची चासी आणि इंजिन उचललं आणि भोसरीच्या मित्राकडून वर फायबरची बॉडी चढवून घेतली. मित्राचा धंदा केमिकलच्या टाक्या बनवायचा. त्यामुळे गाडी दिसायला विलायती आणि आवाजाला टाकी झाली. पुढे दोन खुर्च्या, मागे दोघांपुरती फळी, खाली नुसता पत्रा. दापोडीच्या आमच्या गल्लीत मी ती सुरू केली की शेजारच्या काकू आभाळ गडगडलं समजून गच्चीवरचे पापड गोळा करायला धावायच्या.

गाडीत बसायचं तर कानात कापसाचे बोळे घालायचे, अशी घरात रीतच पडली. माझी बायको शालिनी देवापुढच्या वाती वळता वळता बोळेही वळून ठेवायची. बोळे घातले की सगळे मोकळे! आरशात मला दिसायचं, वडील, म्हणजे आमचे आण्णा, हातवारे करून काहीतरी सांगतायत, शालिनी मान डोलावतेय, माझ्या शेजारी धाकटी बहीण नंदा हसून लोळतेय. अक्षरही ऐकू येत नसे. पण इतक्या खुललेल्या चेहऱ्यांनी माणसं दुसरं काय बोलणार? मीही मान डोलवायचो.

मग नंदाचं स्थळ आलं. चाकणचे गुलाबराव, जुने बागायतदार, आणि त्यांचा मुलगा आकुर्डीत नोकरीला. मुलाला नंदाने एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती घरात उगाचच गुणगुणायला लागली होती. फक्त मुलाच्या वडिलांची पसंती राहिली होती. याआधीच्या स्थळाच्या काकांना मी असाच गाडीतून आणत होतो. ते मोशीला डोकं धरून उतरले, पुढे एस.टी.ने आले आणि चहा न घेताच परत गेले.

"दादा, गुलाबरावांना एस.टी.नेच येऊ दे," नंदा म्हणाली. "हे स्थळ तुझ्या गाडीपायी मोडलं तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

तिचे डोळे भरून आले होते. शहाण्या माणसाने एस.टी.चं वेळापत्रक पाहिलं असतं. मी म्हणालो, "गाडीचा आवाजच बंद करतो."

आमच्या फोरमनचा सल्ला असा, की पत्र्याला वजन द्या, म्हणजे तो बोंबलायचा थांबतो. मी छतावर घालतात ते डांबरी फेल्ट आणलं आणि ब्लो लॅम्पने तापवून गाडीच्या तळाला, दारांना, छताला आतून थापलं. आठवडाभर गल्लीत डांबराचा वास. नगरपालिका रस्ता करतेय समजून दोघंतिघं आनंदाने बाहेर येऊन उभे राहिले! फेल्टवर कांद्याची रिकामी पोती चिकटवली. तरी थोडी घरघर उरलीच. तेव्हा शालिनी माहेरी गेल्याची संधी साधून तिची माहेरची जाडजूड गोधडी मापाने कापली आणि रबरी मॅटखाली अंथरली. परत आल्याआल्या तिला ते कळलं. पण ती काही बोलली नाही. मी समजलो, तिला कल्पना पटली.

मग एकटाच निगडीपर्यंत जाऊन आलो. काय सांगू, गाडीत मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती! घरी मात्र चकार शब्द काढला नाही. म्हटलं, पाहुण्यांसमोरच सगळ्यांना चकित करू. अख्ख्या उद्योगात एवढंच करायला नको होतं.

आण्णा आणि शालिनी आदल्या दिवशीच एस.टी.ने चाकणला रीतसर आमंत्रण द्यायला गेले होते. रविवारी सकाळी गाडी घेऊन मी तिथे पोचलो. गुलाबराव फेटा सावरत माझ्या शेजारी बसले. मागच्या दोघांनी, एकाने टोपीआड आणि एकीने पदराआड, सवयीने कानात बोळे सारले. मी पाहिलंसुद्धा. पण गुलाबरावांसमोर काय सांगणार?

"मोटार झ्याक हाय," गुलाबराव म्हणाले. "देवळावानी शांत."

मी फुगलो. गडी खुशीत आहे म्हटल्यावर नंदाचे गुण सांगायला घेतले. म्हटलं, तिच्या हातच्या पुरणपोळीला तर तोड नाही. तेवढ्यात मागून, या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तसा आण्णांचा आवाज आला.

"सूनबाई, आपला बाळ्या आता पुरणपोळीच्या थापा मारत आसंल बघ! पोरीची पोळी तव्यावर जायच्या आधी फुटती."

"फुटू द्या, मामंजी!" एरवी आण्णांसमोर मान वर न करणारी शालिनी तितक्याच मोठ्याने म्हणाली. "माझ्या आईने शिवलेली गोधडी फाडली, त्याचं काय? या माणसाला पायाखाली घालायला तीच सापडली!"

गुलाबरावांनी हळूच पाय वर उचलले.

मी खोकलो. हॉर्न वाजवला. निदान इंजिनाचा तरी आवाज व्हावा म्हणून गाडी दुसऱ्या गिअरमध्येच दामटली. पण काम इतकं चोख झालं होतं की ते इंजिन नुसतं घोरलं! शेवटी आरशात बघून ओठांवर बोट ठेवलं आणि गप्प बसा अशी मान हलवली.

"बघ, बघ, मान हालवतंय," आण्णा ओरडले. "आपण कवतिक करतोय आसं वाटतं त्याला. दोन वर्सं झाली, खुळं तसंच डोलतंय!"

माझी मान तिथेच थांबली. गुलाबराव समोर रस्त्याकडे बघत होते. मिशीखाली काय चाललंय ते दिसत नव्हतं.

"पर येक सांगतो," आण्णांचा आवाज एकदम कातर झाला, पण खाली काही आला नाही. "ह्या डबड्यापायी पोरीचं जमता जमता ऱ्हायलं, तर ही मोटार मी इंद्रायणीत ढकलीन. ह्याच्यासकट."

"जमू दे हो," शालिनी म्हणाली. "पोळी येत नसेल वन्संना, पण मी तापाने पडले होते तेव्हा रोज माझी वेणी घालायला त्याच बसायच्या. त्या गेल्या की घरात मी बोलू कुणाशी? ह्यांना कुठे काही ऐकू येतं?"

ऐकू येत होतं. सगळं येत होतं. इंद्रायणीचा पूल ओलांडून मोशी आली आणि गुलाबराव म्हणाले, "थांबवा गाडी."

संपलं. मागच्या स्थळाच्या काकांचं उतरायचं ठिकाणसुद्धा हेच! गुलाबराव उतरले, मागे वळले आणि आण्णांना खुणेने कानातले बोळे काढायला लावले. आण्णांनी बोळे काढले, गाडीचं इंजिन चालू असूनही पसरलेली शांतता ऐकली, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. शालिनीने पदर पार नाकापर्यंत ओढला.

"आण्णा," गुलाबराव म्हणाले, "पोरगी दावताना लोक निसतं ग्वाड बोलत्यात. तुमी चाकनपास्नं खरं बोलत आलाय. पोरगी आमची. निसतं येक सांगा, जावयाला मेव्हन्याच्या गाडीत बसावं लागंल का?"

"न्हाई," आण्णा म्हणाले.

तेवढ्यावर लग्न ठरलं. घरी नंदाने पुरणपोळ्या वाढल्या. त्या फुटलेल्या होत्या. गुलाबरावांनी चमच्याने दोन खाल्ल्या.

पुढच्या रविवारी मी गाडीतलं सगळं फेल्ट खरवडून काढलं, पोती फेकली आणि गोधडी जमेल तशी शिवून शालिनीला परत दिली. गाडी पुन्हा पहिल्यासारखी गर्जायला लागली, काकू पुन्हा पापड गोळा करायला लागल्या. आता गाडीत बसलं की आरशात आण्णांचे ओठ हलताना दिसतात, शालिनी मान डोलावते, आणि मीही डोलावतो.

कौतुकच चाललं असणार!