टोपातली बाळंतीण

माझी सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली, तेव्हा तिने माझ्यावर एकच काम सोपवलं. तिच्या काचेच्या टाकीतले तीन मासे सांभाळायचं.

सून घाटावरची. मासे खात नाही, पाळते. मी सातपाटीची. उभा जन्म टोपली डोक्यावर घेऊन मासे विकले आणि गुडघे गेल्यावर बोईसरला मुलाच्या फ्लॅटवर येऊन बसले. आम्हा दोघींचं कधी भांडण झालं नाही, पण जमलंही नव्हतं. ती जपून बोलायची, मी तोडून.

"आई, हे डोंगरातल्या झऱ्याचे मासे आहेत, गोड्या पाण्यातले," रिक्षात बसता बसता ती सांगू लागली. "त्या लाल मादीकडे जरा..."

"मला मासे शिकवते तू?" मी म्हटलं. "जा, नीट जा."

रिक्षा निघाली.

मासे बोटाएवढे. नराच्या शेपटीला खाली तलवारीसारखं टोक. बाजारात नेले असते तर फुकटही कुणी घेतले नसते. तरी मुलगा तारापूरच्या कंपनीत शिफ्टला गेला, की मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे. घरात बोलायला दुसरं होतं कोण?

हळूहळू लाल मादीचं पोट फुगलं. पोटाच्या मागच्या बाजूला काळा डाग दिसायला लागला. असा मासा टोपलीत आला तर मी दाबूनही बघत नसे. पोट फुगलं, काळं पडलं, म्हणजे माल गेला. अंड्यांची गाबोळी म्हणावी, तर ती अशी काळी नसते. तिकडे सुनेचे दिवस भरत आलेले, तिला काय सांगू? फोन आला की म्हणायचे, "ठणठणीत हाय. तू तुझं बघ."

एका संध्याकाळी ती मादी कोपऱ्यात पडून राहिली. बाकीच्यांचं पाणी नासायला नको म्हणून मी तिला टाकीतल्या पाण्यासकट दुधाच्या टोपात काढली, वर ताट झाकलं आणि तिची माफी मागितली. माशाची माफी मागायची माझी पहिलीच वेळ.

सकाळी तुळशीच्या कुंडीत पुरायची म्हणून ताट उचललं. टोपात बारीक बारीक डोळे पळत होते. अंडी नव्हेत, चक्क पोहणारी पिल्लं. मी टोप धरून तशीच उभी, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या बयेने एक गिळलं. "अगं मेले," म्हणत मी चहाची गाळणी घातली आणि आईला उचलून टाकीत सोडलं.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. जन्मभर माझ्या हातून गेले ते मेलेले मासे. जिवंत माशातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

सुनेला फोन लावून टोपात पिल्लं झाल्याचं सांगितलं, तर ती रडायलाच लागली.

"आई, तिला वेगळं ठेवा, हेच सांगायचं होतं मला. नाहीतर ती पिल्लं खाते. पण तुम्ही चिडाल म्हणून बोलले नाही. तुम्हाला बरोबर कळलं. माझ्या वेळेला तुम्ही याल का? मला फार भीती वाटते."

गप्प राहिले असते तर शहाणी ठरले असते. पण राहवेना.

"कसलं कळलं? मी तिला मरायला ठेवली होती," मी म्हटलं, आणि ताटापासून गाळणीपर्यंत सगळं सांगून टाकलं. झालं, आता ही काही मला बोलवत नाय, असं वाटलं. मग ती एवढी हसत सुटली, की कळा सुरू झाल्या समजून तिची आई धावत आली.

"तरी या," सून म्हणाली. "फक्त गाळणी घरी ठेवून या."