आबांचा पालाश

माझे वडील, आबा, चोपड्याकडचे केळीवाले. मागच्या उन्हाळ्यात बागेत उभ्या उभ्या त्यांचं तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली. जळगावला वेळेत पोहोचलो म्हणून वाचले. डॉक्टरांनी समजावलं: मूत्रपिंडाच्या इशाऱ्यावर रक्तात एक संप्रेरक तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं, दाब चढतो आणि फटका मेंदूला बसतो. ही गोळी त्याला अडवते.

"म्हंजे मोटर खाले, आनि नळी चोक व्हयनी वर?" आबा अडखळत म्हणाले.

डॉक्टर हो म्हणाले. ठिबकवाल्याला आणखी काय सांगायचं!

पुढच्या तपासणीत रक्तात पोटॅशियम वाढलेलं निघालं. गोळीने ते अंगात साठतं, त्यात आबांची मूत्रपिंडं मंद. डॉक्टर म्हणाले, "केळी बंद. आणखी वाढलं तर हीच गोळी थांबवावी लागेल, आणि हिच्याशिवाय दाब आवरत नाही. दुसरा झटका आला तर वाचा जाईल."

"पोटॅशियम म्हणजे आपला पालाश, आबा," मी खताच्या भाषेत सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. तिथेच मला संशय यायला हवा होता.

घरी मी टोमॅटो बंद केले, नारळपाणी बंद केलं, भेटायला येणारा प्रत्येक जण केळीवाल्याकडे केळीच घेऊन यायचा, त्याच्याशी भांडले. तरी आकडा चढलाच. मी आईवर उखडले. आबा मात्र खाटेवर निवांत, हातात केळं.

"मी त आखो जास्ती केळं खाई ऱ्हायनू. केळ जमीनमाधला बठ्ठा पालाश वढी लेस, तसा आंगमाधला बी वढी लेई. डॉक्टर शहरना, तेले काय माहीत?"

मी कपाळावर हात मारला. "ओढते खरी, पण ठेवते कुठे?"

आबांनी कोपऱ्यात पोत्याखालून डोकावणाऱ्या घडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हातातलं अर्धं केळं हळूच ताटात ठेवलं. जन्मभर शेजारीण म्हणून वागवलेली बाई चोर निघावी, तसं तोंड झालं त्यांचं.

डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी करून एक संधी दिली. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला, गोळी राहिली. त्या संध्याकाळी आबा ठिबकच्या टाकीत पालाश ओतत होते आणि बागेला सांगत होते, "खाय माय, मना वाटानं बी तूच खाय."

जीभ कुठेच अडखळली नाही. मी बांधावर बसून रडले.