दुखणं थांबलं म्हणून

“डावी किडनी आता काम करत नाही,” डॉक्टर म्हणाले. मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

माझी उजवी किडनी जन्मापासूनच बोराएवढी. सगळी भिस्त डावीवर, आणि मेल्या मुतखड्याने मुक्काम ठोकला तो नेमका तिथेच. म्हणून लिथोट्रिप्सी केली. म्हणजे चिरफाड न करता बाहेरून शॉक वेव्ह, धक्क्याच्या लहरी, सोडून खडा फोडणं. कमरेत कोणी टिचक्या मारत बसल्यासारखं वाटतं. त्याला घाबरू नका. घाबरायचं ते नंतर.

घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं होतं, “खडा फुटलाय, पण सगळे तुकडे पडतीलच असं नाही. दुखलं नाही तरी पंधरा दिवसांनी एक्स-रेला यायचं.”

लघवी गाळायला मी चहाची जुनी गाळणी घेतली. आधी वाळूसारखी कच पडली, मग मुगाएवढे तुकडे. यांनी ते धुऊन कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवले. बेसातल्या आमच्या अख्ख्या सोसायटीने ती डबी पाहिली. बाळ बघायला याव्यात तशा बाया येत. दुखणंही थांबलं.

“आता एक्स-रे काहून काढतं वं?” हे म्हणाले. “डबीत तं आहे सारा गोटा. दुखून राहिलं का तुले?”

“नाही.”

“मंग!”

मलाही पटलं. एक्स-रेच्या दिवशी आम्ही कोराडीला देवीची ओटी भरायला गेलो.

उरलेले तुकडे युरेटरमध्ये, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत, एकामागे एक अडकले होते. नळी हळूहळू तुंबली तर कधी कधी दुखतही नाही. किडनी आतल्या आत फुगते आणि मरते. पाय सुजले, अन्नावरची वासना उडाली, तेव्हा कुठे आम्ही गेलो. नळी मोकळी राहावी म्हणून तिच्यात स्टेंट घातला, किडनी सावरते का याची वाट पाहिली. मग रिनल स्कॅन, म्हणजे कोणती किडनी किती काम करते ते दाखवणारी तपासणी. डाव्या बाजूला काही उरलंच नव्हतं.

डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणं, थोडं लांबवता येईल, टाळता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. खडा झालेल्या तुम्हा सगळ्यांना धीर द्यावा म्हणून लिहायला बसले, पण माझाच धीर सुटला आहे. एवढंच सांगते, बरं वाटलं तरी एक्स-रेला जा.

यांनी स्वतःची किडनी देऊ केली. यांना शुगर आहे, डॉक्टर नाही म्हणाले. परतताना ऑटोत हे हमसून हमसून रडले. माझा यांच्यावरचा राग तिथेच गेला. आता रागवायलाही दुसरं कोणी नाही.

मुलीला खडा फोडला एवढंच ठाऊक आहे. पुढचं काही सांगायचं नाही, अशी शपथ मी यांना घातली आहे. कळलं तर ती पहिल्या गाडीने किडनी द्यायला येईल. तिचं बाळ अजून अंगावर पितं.

काल तिचा फोन आला. “आई, आता बरी आहे नं वं तू?”

“एकदम बरी,” मी म्हटलं.